खाटेचा विमा, खुर्चीतला आजार

वसई रोड स्टेशनातून पश्चिमेला उतरून अंबाडी रोडने चालू लागलं की दोन्ही बाजूंना डॉक्टरांच्या पाट्या दिसतात. त्यांत कान-नाक-घसा तज्ज्ञांच्याही असतात. नालासोपाऱ्यात आणि विरारमध्येही हेच चित्र आहे. पैसे मोजायची तयारी असेल तर संध्याकाळी आठ वाजताही कान तपासून मिळतो. पण रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा ईएसआयसीचं कार्ड हातात घेऊन कोणी विचारलं, की "ह्यावर कुठले ईएनटी बघतात?", तर सरळ उत्तर देणारा माणूस सापडत नाही. केमिस्ट दवाखान्याकडे बोट दाखवतो आणि दवाखान्यातली मुलगी म्हणते, "आमच्याकडे कार्ड चालत नाही, मोठ्या हॉस्पिटलला विचारा." मोठ्या हॉस्पिटलात उत्तर मिळतं, "ऑपरेशन असेल तर बघू."

हे शेवटचं वाक्य खरं आहे आणि सगळी गोम त्यातच आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा खर्च उचलतात. कान, नाक आणि घशाचे बहुतेक आजार मात्र दाखल न होता, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसून बरे व्हायचे असतात. विमा खाटेला आहे आणि आजार खुर्चीत आहे. वसई-विरारच्या माणसाला कार्डावर कान दाखवता येत नाही याचं पहिलं कारण हे आहे. डॉक्टरांचा लोभ, हॉस्पिटलांची टाळाटाळ ही कारणं त्यानंतर येतात.

उदाहरण कान फुटण्याचं घेऊ. सर्दी झालेल्या मुलाचा कान दुखतो, रात्रभर रडारड होते, सकाळी उशीवर पू दिसतो आणि दुखणं थांबतं. दुखणं थांबलं म्हणून घरचे निर्धास्त होतात. काही मुलांचा पडदा आपोआप भरून येतो. काहींचा येत नाही. मग दर पावसाळ्यात, दर सर्दीत तो कान वाहतो. वसईत पावसाळा म्हणजे चार महिने ओल आणि सखल भागात साचलेलं पाणी. अशा दिवसांत कानात बुरशीही सहज धरते आणि वाहणारा कान कोरडा राहत नाही. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करतात, थेंब देतात, कान कोरडा ठेवायला सांगतात, पुन्हा बोलावतात, मग ऐकण्याची तपासणी करायला सांगतात. ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून केलेली ही ऑडिओमेट्री झाली की कुठला कान किती कमी ऐकतो ते कागदावर येतं. कधी सीटी स्कॅनही लागतो. हे सगळं झाल्यावर, कान काही आठवडे कोरडा राहिला की पडद्याची शस्त्रक्रिया, म्हणजे टिम्पॅनोप्लास्टी होते.

या साखळीतली फक्त शेवटची कडी योजनेत बसते. पडदा बसवणं, कानामागचं हाड साफ करणं, टॉन्सिल काढणं, नाकाचं वाकडं हाड सरळ करणं, दुर्बिणीने सायनस मोकळे करणं या शस्त्रक्रिया आयुष्मान भारतच्या यादीत आहेत. आयुष्मान भारतच्या नियमात दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. पण कानाचा रोगी शस्त्रक्रियेपर्यंत पोचायला तीन दिवस नाही, तीन महिने घेतो. ते तीन महिने तो पदरमोड करत असतो. तपासणीचे पैसे, सफाईचे पैसे, थेंबांचे पैसे, ऑडिओमेट्रीचे पैसे आणि प्रत्येक वेळी बुडालेली हजेरी. ज्याचे पैसे दुसऱ्या फेरीतच संपतात तो फुकट शस्त्रक्रियेपर्यंत पोचतच नाही. दुखणं अंगावर काढतो.

अंगावर काढलेल्या कानाचं पुढे काय होतं, हेही सांगायला हवं. सगळेच वाहणारे कान सारखे नसतात. काहींमध्ये पडद्यामागे त्वचेची गाठ वाढते. तिला कोलेस्टिआटोमा म्हणतात. ती शेजारचं हाड हळूहळू खाते. आधी ऐकू येणं जातं, मग चक्कर येते, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, आणि वेळेत काही केलं नाही तर संसर्ग मेंदूपर्यंत जातो. कानातून येणाऱ्या घाणेरड्या वासाच्या थोड्याशा स्रावाने हे सुरू होतं. तो वास ओळखायला तज्ज्ञाची एक तपासणी पुरते. त्या एका तपासणीला विमा नाही आणि त्यानंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेला आहे. ही रचना पैशाच्या हिशेबानेही उलटी आहे.

योजना अशी का झाली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. राज्यात १९९७ साली जीवनदायी योजना आली ती हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा जिवावरच्या आणि घर विकायला लावणाऱ्या आजारांसाठी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३पासून ती सगळ्या महाराष्ट्रात लागू झाली आणि वसई तालुका, तेव्हा ठाणे जिल्ह्यातला, तिच्यात आला. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा जिल्हा झाला. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२०पासून दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. पूर्वी राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झालं, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि पिवळ्या, केशरी कार्डांबरोबर पांढरं कार्डही आत आलं. १ जुलै २०२४पासून हे अमलात आलं. २०२५मध्ये यादी २,३९९ उपचारांपर्यंत वाढवायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

म्हणजे पंचवीस-अठ्ठावीस वर्षांत योजना रुंद होत गेली. आधी गरिबांना होती, आता जवळपास सर्वांना आहे. आधी मोजके आजार होते, आता हजारोंनी उपचार आहेत. पण तिचा पाया तोच राहिला: माणूस दाखल झाला पाहिजे. मोतीबिंदू, हृदय, कर्करोग यांना हा पाया बऱ्यापैकी पेलतो. कान-नाक-घशाला पेलत नाही.

आता, शस्त्रक्रिया ठरलीच आहे असं धरू. मग प्रश्न येतो तो कुठे करायची याचा, आणि इथे बहुतेक जण चुकीच्या दारात उभे राहतात. या योजनांत डॉक्टर अंगीकृत होत नाही, म्हणजे योजनेच्या यादीत घेतला जात नाही, रुग्णालय घेतलं जातं. तुमचे नेहमीचे तज्ज्ञ कितीही चांगले असले तरी त्यांच्या दवाखान्यात कार्ड चालणार नाही. तेच तज्ज्ञ एखाद्या अंगीकृत रुग्णालयात शस्त्रक्रिया करत असतील तर तिथे मात्र चालेल. म्हणून "तुम्ही कार्ड घेता का?" ऐवजी "तुम्ही कुठल्या योजनेतल्या हॉस्पिटलला ऑपरेशन करता?" असं विचारलं, तर पुष्कळदा उपयोगाचं उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. रुग्णालय सरसकट सगळ्या आजारांसाठी अंगीकृत नसतं. विषयवार असतं. एखाद्या हॉस्पिटलच्या दारावर योजनेचा मोठा फलक असतो, पण ते हाडांसाठी आणि डायलिसिससाठी यादीत असतं, ईएनटीसाठी नसतं. फलक पाहून आत गेलेला माणूस मग तासभर रांगेत उभा राहून रिकाम्या हाताने परततो. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. ते खासगी अंगीकृत रुग्णालयात कार्डावर होतच नाहीत. म्हणून घरातून निघण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: रुग्णालय यादीत आहे का, ईएनटीसाठी आहे का, आणि आपली नेमकी शस्त्रक्रिया तिथे मंजूर होते का. दोन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर जिल्हा आणि विषय निवडून यादी पाहता येते. फोनवर विचारायचं तर राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत.

यादी पाहताना वसईकरांनी एक ध्यानात ठेवावं. पालघर जिल्हा निवडला की जव्हार, डहाणू, मोखाडा, तलासरी इथपर्यंतची नावं येतात, पण खाडीपलीकडचं भाईंदर ठाणे जिल्ह्यात जातं आणि बोरिवली मुंबई उपनगरात. रेल्वेने वसईहून बोरिवली पाचवं स्टेशन आहे; जव्हार डोंगरापलीकडे. कार्ड राज्यभर चालतं, जिल्ह्याची अट नाही. तेव्हा तिन्ही जिल्ह्यांच्या याद्या पाहाव्यात. नालासोपारा पूर्वेला उत्तर प्रदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्याकडे गावचं आयुष्मान कार्ड असेल तर तेही इथल्या आयुष्मान रुग्णालयात चालतं. ही गोष्ट त्यांच्या वस्तीत फार थोड्यांना माहीत असते, आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाला घेऊन गावी जाणारे पालक याच अज्ञानातून निघतात.

रुग्णालयात गेल्यावर भेटायचं ते आरोग्यमित्राला. त्याचं टेबल बहुधा प्रवेशदाराजवळ असतं. आधार, रेशन कार्ड, डॉक्टरांचे कागद आणि तपासण्यांचे अहवाल त्याच्याकडे गेले की तो नोंदणी करतो, रुग्णालय पूर्वपरवानगी मागतं आणि ती आली की तारीख मिळते. नाव आधारवर एक आणि रेशन कार्डावर दुसरं असेल तर इथेच गाडी अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास सगळ्यांत जास्त होतो. नाव आधीच दुरुस्त करून ठेवणं शहाणपणाचं. परवानगी मिळालेल्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, भूल, औषधं, तपासण्या, जेवण, इतकंच काय, राज्याच्या योजनेत घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं आहे. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणीही त्यातच येते. तरीही कोणी "वरचे" म्हणून पैसे मागितले तर पावती मागावी, आरोग्यमित्राकडे लेखी द्यावं आणि हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मुकाट्याने पैसे देऊन आल्यावर ते सिद्ध करता येत नाही.

शहरातले बहुतेक ईएनटी डॉक्टर या योजनांच्या बाहेर का राहतात, याचंही उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. या विषयाचा व्यवसाय स्वभावतःच छोटा आहे. एक तपासणीची खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक एंडोस्कोप, शेजारी ऑडिओमेट्रीची केबिन आणि फार तर दोन-चार खाटा. योजनेला हवी असते खाटांची किमान संख्या, चोवीस तास डॉक्टर, संगणकावर दावे भरणारा माणूस. हे सगळं मोठ्या रुग्णालयाला परवडतं. शिवाय पॅकेजचे दर कमी आहेत आणि पैसे उशिरा येतात, ही डॉक्टरांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. कानाची शस्त्रक्रिया दोन-अडीच तास चालते, सूक्ष्मदर्शकाखाली केली जाते आणि तिची उपकरणं महाग असतात. दर नीट ठरवले नाहीत तर अंगीकृत रुग्णालयही ईएनटी विषय यादीत ठेवून प्रत्यक्षात तारखा देत नाही. रुग्णाला "पुढच्या महिन्यात या" एवढंच कळतं.

आता कार्डावर खुर्चीतला उपचारही मिळू शकतो अशा एका मोठ्या व्यवस्थेकडे वळू. ती आहे कामगार विमा, ईएसआयसी. वसई पूर्वेचा औद्योगिक पट्टा, म्हणजे नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव, पेल्हार, छोट्या-मोठ्या गाळ्यांनी भरलेला आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार, दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनात, या विम्यात यायला हवा. २०१९च्या जुलैपासून पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के मालकाचे कापले जातात. बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मिळतं. पाच लाखांची मर्यादा नाही, दाखल होण्याची अट नाही. श्रवणयंत्रही मिळतं. कागदावर ही देशातली सर्वांत उदार योजना आहे.

अडचण आहे ती अंतराची आणि नोंदणीची. आधी नेमून दिलेल्या दवाखान्यात जायचं, तिथून चिठ्ठी घ्यायची, मग तज्ज्ञाकडे. वसईच्या कामगाराला त्यासाठी अनेकदा कांदिवली पूर्वेचं ईएसआयसी रुग्णालय गाठावं लागतं. विरारची जलद गाडी कांदिवलीला थांबत नाही, बोरिवलीला बदलावी लागते. सकाळी सात ते दहा त्या गाडीत चढणं काय असतं ते वसई-विरारच्या माणसाला सांगायला नको. चक्कर येणाऱ्या रुग्णाला तर ते अशक्यच. एक दिवस चिठ्ठीला, एक तपासणीला, एक ऑडिओमेट्रीला. कंत्राटी कामगाराला या दिवसांचा पगार मिळत नाही. आणि गाळ्यातल्या किती कामगारांची नोंदणी झालेली असते, हा प्रश्न विचारला की ठेकेदार नजर चुकवतात. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का, हे प्रत्येकाने पाहावं. दिसत असेल तर तो हक्क रोकड्यासारखा आहे आणि खासगी डॉक्टरकडे पैसे देण्याआधी तो वापरायला हवा.

कानाच्या बाबतीत या विम्याची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल वसईत जवळपास कोणी बोलत नाही. पत्रे कापणारे, पॉवर प्रेस चालवणारे, ग्राइंडरवर बसणारे कामगार वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात असतात. कायद्याने आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कामगारांच्या कायद्यांत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. याचा अर्थ असा, की ऑडिओमेट्रीत हा बहिरेपणा सिद्ध झाला तर तो नोंदवणं बंधनकारक आहे आणि कामगार अपंगत्व लाभासाठी दावा करू शकतो. पण दावा करायला ऑडिओमेट्रीचा कागद लागतो, कामाला लागतानाचा आणि नंतरचा. छोट्या गाळ्यात भरतीच्या वेळी कान कोण तपासतं? हा बहिरेपणा हळूहळू येतो, आधी उंच स्वर जातात, म्हणून वर्दळीत बोलणं कळेनासं होतं. घरचे म्हणतात लक्ष नसतं. एकदा गेलेलं हे ऐकणं परत येत नाही. कामगार संघटनांनी पगाराइतकाच हा विषय लावून धरायला हवा असं मला कळकळीने वाटतं.

ज्यांच्याकडे ईएसआयसी नाही, त्यांना खुर्चीतल्या उपचारासाठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालयंच उरतात. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतरचं शहर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते किती वाढलं हे सांगायला आकडा लागत नाही. पालिकेकडे वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपारा पूर्वेचं तुळींज रुग्णालय अशी मोजकी रुग्णालयं आहेत, बाकी प्रसूतिगृहं आणि दवाखाने. इथे जायचं तर ईएनटी तज्ज्ञ कुठल्या वारी बसतो हे आधी विचारून जावं. वार चुकला तर हेलपाटा नक्की. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. भाईंदर पश्चिमेचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय राज्याकडे आहे आणि वसईहून दोन स्टेशनांवर आहे. पालिकांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथले दर वेगळे, पण तेही खासगीच्या मानाने किरकोळ असतात.

शेवटी बहुतेकांची वाट मुंबईलाच जाते. विलेपार्ल्याचं कूपर, मुंबई सेंट्रलचं नायर, परळचं केईएम. ही महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे ईएनटीचा स्वतंत्र विभाग रोज चालतो, ऑडिओमेट्री, एंडोस्कोपी, सीटी स्कॅन एका छताखाली होतं आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर योजनेचं कार्डही लावता येतं. तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंतची सगळी साखळी, जिच्यातली एकच कडी वसईत कार्डावर मिळते, ती इथे सलग मिळते. म्हणूनच गुंतागुंतीच्या कानाला मी ओळखीच्यांना थेट तिथेच पाठवतो, गर्दी सोसा म्हणून सांगतो. साध्या मळाला किंवा सर्दीला मात्र चर्चगेटची गाडी पकडण्यात अर्थ नाही.

पश्चिम रेल्वेचे कर्मचारी विरार-वसईत मोठ्या संख्येने राहतात. त्यांना रेल्वेची स्वतःची व्यवस्था आहे आणि मुंबई सेंट्रलचं जगजीवन राम रुग्णालय आहे. त्यांचा प्रश्न इतरांच्या मानाने सुटलेला आहे.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग अनेकांना ठाऊक नसतो. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार आहे. योजनेत न बसणारी शस्त्रक्रिया असेल, किंवा अंगीकृत रुग्णालयात तारीख मिळत नसेल, तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावं. ही मेहेरबानी नाही. या रुग्णालयांना मिळालेल्या सवलतींच्या बदल्यात कायद्याने घातलेलं ते बंधन आहे.

एक प्रसंग असा आला, की याच व्यवस्थेने हालचाल केली. २०२१च्या उन्हाळ्यात कोविडमधून उठलेल्या, विशेषतः मधुमेही रुग्णांच्या नाकात आणि सायनसमध्ये काळी बुरशी पसरू लागली. तिच्यावर औषधाइतकीच महत्त्वाची असते ती मेलेला भाग खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया, आणि ती ईएनटी सर्जनच करतात. त्या मे महिन्यात या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे उपचार राज्याने आपल्या आरोग्य योजनेत घेतले. ठरवलं तर काही आठवड्यांत नियम बदलतात, हे तेव्हा दिसलं. पण तो आजार जीव घेत होता. कान नुसता वाहतो, माणूस नुसता ऐकेनासा होतो, म्हणून सरकारला घाई वाटत नाही.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगातही विम्याची हीच उलटी रचना आहे. तो घडवणाऱ्या गुटख्याला महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, आणि तरी स्टेशनाबाहेर पुड्या मिळतात. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, तोंडातली न भरणारी जखम, गिळताना अडकल्यासारखं होणं किंवा गळ्यात आलेली गाठ, यांतलं काहीही दिसलं तर ईएनटीने दुर्बिणीतून घसा पाहायलाच हवा. कर्करोग ठरला की शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो यांसाठी योजना उभी राहते. तो ठरवण्यासाठीची पाच मिनिटांची तपासणी स्वतःच्या खिशातून.

आणि श्रवणयंत्र. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, २०२४च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचं संरक्षण आहे. वसईच्या वाड्यांत, पाड्यांत, चाळींत असं कार्ड काढलेले आजी-आजोबा आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचा सर्वांत रोजचा त्रास ऐकू न येणं हा आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या मशीनला हे कार्ड चालत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. त्यात चांगलं डिजिटल यंत्र येत नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अडीप योजनेत यंत्र मिळतं, पण दिव्यांगत्व ४० टक्के असावं लागतं आणि कायद्यात कमी ऐकू येणं मोजलं जातं ते दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून. पन्नास डेसिबलवाले आजोबा, ज्यांना नातवाचं बोलणं कळत नाही, ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून श्रवणयंत्र मोफत आहे. अमेरिकेची वृद्धांसाठीची मूळ मेडिकेअर योजना आजही ते देत नाही. आपण या बाबतीत अमेरिकेच्या बाजूला उभे आहोत आणि ते मला पटत नाही.

लहान मुलांसाठी मात्र दार उघडं आहे, फक्त ते लवकर बंद होतं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला तरच भाषा नीट येते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, अडीप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळतं. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही त्याला मदत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात आणि ऐकण्यातली कमतरता त्यांच्या यादीत आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान १९८३पासून उभं आहे. विरारची जलद गाडी वांद्र्याला थांबते. मूल हाकेला वळत नाही, दार आपटलं तरी दचकत नाही, दीड वर्षाचं होऊनही शब्द बोलत नाही, तर "बाप पण उशिरा बोलायला लागला होता" असं म्हणत बसू नये. पारोळ, भाताणे या बाजूच्या पाड्यांतली मुलं शाळेत जाईपर्यंत कोणाच्या नजरेतच येत नाहीत, आणि तोवर पाच वर्षं उलटून गेलेली असतात. वसई तालुक्यात या प्रश्नाची सगळ्यांत मोठी किंमत तीच मुलं देतात.

उपाय अवघड नाहीत. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी, म्हणजे सरकारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी, द्यायच्या बारा सेवांत डोळे आणि कान-नाक-घशाचे साधे आजार आधीच लिहिलेले आहेत. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००७पासून आहे आणि जिल्हा पातळीवर तपासणीची साधनं देणं हा त्याचाच भाग आहे. पेटिट आणि तुळींजमध्ये रोजची ईएनटी ओपीडी, ऑडिओमेट्रीची एक केबिन आणि एक ऑडिओलॉजिस्ट एवढं झालं, तरी वाहणाऱ्या कानाचे ते तीन महिने शहरातच, पदरमोड न करता निघतील, आणि शस्त्रक्रियेचा कागद घेऊन माणूस योजनेच्या रुग्णालयात जाऊ शकेल. अंगीकृत रुग्णालयांची ईएनटीपुरती वेगळी यादी, तज्ज्ञांचे वार आणि आरोग्यमित्राचं नाव प्रभाग समितीच्या प्रत्येक कार्यालयात लावायला तर निधीही लागत नाही. ईएसआयसीने वसई पूर्वेलाच आठवड्यातून दोन दिवस ईएनटी तज्ज्ञ बसवला, तर कांदिवलीच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. या मागण्या नगरसेवकांपुढे, आमदारांपुढे आणि कामगार विभागापुढे लेखी ठेवायला हव्यात, आणि दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिनाची शिबिरं होतात तेव्हा तिथे तपासलेल्या प्रत्येकाच्या हातात पुढच्या रुग्णालयाचं नाव, तारीख आणि योजनेचा अर्ज दिला जातो की नाही, ते जाऊन पाहायला हवं.